माहूरच्या डोंगरात लागलेली छावणी

गाडी शेवटच्या वळणावरून खाली उतरली आणि आमच्या जागेवर गुरं उभी दिसली. पाच-दहा असती तर हाकलता आली असती. इथं अख्खं गायरान भरलं होतं. बैल, गाई, दोन-तीन रेडे, आणि सावली मिळेल तिथं बसलेली माणसं. आमची पांढरी लांबलचक गाडी पाहून ती सगळी उठून उभी राहिली.

ड्रायव्हर रहीमभाईंनी ब्रेक दाबला. "मॅडम, बाजार भरला का काय इथं?"

मागच्या सोफ्यावरून आमच्या गिऱ्हाइकाच्या जावयानं विचारलं, "हे पॅकेजमध्ये आहे का?"

नव्हतं. पॅकेजमध्ये काय आहे ते माझ्या यादीत होतं आणि यादी माझ्या हातात होती.

माझा नांदेडला टूर्सचा धंदा आहे. वीसेक वर्षं मी माहूर-तुळजापूरच्या देवदर्शनाच्या बस काढल्या. मग एक कॅरॅव्हॅन घेतली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरची खोली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, छतावर सोलर. खाली दोन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची. ही गाडी कुठंही उभी करता येते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जमीन सपाट लागते, नाहीतर आतलं पाणी एका कोपऱ्यात जमतं. वळायला जागा लागते. झाडांच्या फांद्या छतापेक्षा उंच असाव्या लागतात. आणि परवानगी लागते.

गिऱ्हाईक म्हणजे लातूरचे अप्पा. आडतीचा मोठा धंदा, कपाळाला रोज भस्म, बोलणं थेट. त्यांची मुलगी, जावई आणि दोन नातवंडं अमेरिकेतून आली होती. तिकडं ती अशाच गाडीनं डोंगरात जाऊन राहायची. अप्पांना दाखवायचं होतं की आपल्याकडंही डोंगर आहेत.

"बाई, पोरांना वाटू नये की आजोबांच्या गावाकडं नुसतं उन्हच हाय," असं ते बुकिंगच्या वेळी म्हणाले होते.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी सगळं त्या हिशेबानं आखलं. माहूरच्या अलीकडच्या डोंगरात एक गायरान निवडलं, म्हणजे गावाची चराईची मोकळी जमीन. समोर दरी, मागं सागाचं जंगल. जंगलखात्याची हद्द टाळली. गावाच्या पाण्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. टाकी अर्धापूरला भरून घेतली, वर पिण्याचे जार वेगळे. सांडपाणी नांदेडला परत आणून ओतायचं. सगळ्यावर टिक केली होती.

परवानगीवरही टिक होती. अडचण तिथंच निघाली.

मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता, "कॅरॅव्हॅन कॅम्पिंगसाठी जागा मिळावी." ग्रामसेवकांनी तो परत केला. भला माणूस होता, पण वरच्या ऑफिसला भ्यायचा.

"मॅडम, ठराव मराठीत लागतो. वर इंग्रजी शब्द चालत नाही. कॅम्पला आपण छावणी म्हणतो. लिहू का छावणी?"

मला शब्द बरा वाटला. किल्ला, तंबू, घोडे असं काहीतरी डोळ्यापुढं आलं. मी हो म्हटलं. ठराव झाला: गायरानावर छावणीस मंजुरी. एक प्रत तहसीलला गेली, एक माझ्या फायलीत आली.

मराठवाड्यात दुष्काळात छावणी या शब्दाचा एकच अर्थ असतो. गुरांची चारा छावणी. सरकार चारा-पाणी देतं, लोक आपली जनावरं तिथं आणून बांधतात आणि बरेचदा स्वतःही तिथंच झोपतात. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी तांड्या-वस्त्यांवर बातमी गेली की छावणी लागली. ठरावात आमची तारीख होती, सगळ्यांनी त्याच दिवशी गुरं आणली.

मी खाली उतरले. एक बाई दोन बैलांची दावी धरून सगळ्यांच्या पुढं उभी होती. मागून कुणीतरी तिला सुभद्राबाई म्हणून हाक मारली.

"बाई, चारा मागून येऊन राहिला का?" तिनं विचारलं. "का या गाडीतच हाय?"

"ही चारा छावणी नाही हो. फिरायला आलेले पाहुणे आहेत. दोन दिवस राहतील."

"मग छावणी कुठं हाय?"

"ही त्यांचीच छावणी."

ती गाडीकडं बघत राहिली. खिडकीत फ्रिज दिसत होता. "माणसांची छावणी," ती मागं वळून म्हणाली, "आतमधी कपाट बी हाय." लोक हसले. हसले, पण हलले नाहीत. त्यांना वाटलं, बाई नंबर लावायला टाळाटाळ करते आहे.

अप्पा उतरले. "बाई, मी काय नातवांना शेणात झोपवायला आणलो का इथं?" मग त्यांनी बैलांकडं पाहिलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं पाहावं तसं, आधी बरगड्या, मग डोळे. त्यांचा आवाज उतरला. "पाणी तरी पाजलं का यांना?"

"सकाळी हंडाभर, दोघांत," सुभद्राबाई म्हणाली.

"बाई, टाकी सोडा," अप्पा मला म्हणाले.

मी हिशेब सांगितला. टाकी सोडली तर संडास बंद, बाथरूम बंद, मुक्काम होणार नाही. टाकीत शे-दीडशे गुरांना पुरेल एवढं पाणीही नव्हतं.

"मुक्काम गेला खड्ड्यात. सोडा की ओ."

रहीमभाईंनी पाइप जोडला. ढकलाढकली झाली. एका म्हाताऱ्याची गाय पडली, ती उठवताना दोघांची जुंपली. पाचदहा मिनिटांत टाकी संपली आणि निम्म्याहून जास्त गुरं कोरडीच राहिली. नातवंडं खिडकीतून फोटो काढत होती. त्यांना सहल आवडली होती.

पाणी देणं माणुसकीचं होतं, यात वाद नाही. पण त्याचा परिणाम उलटा झाला. पाणी आलं म्हणजे छावणी सुरू झाली, अशी सगळ्यांची खात्री पटली. आता चारा येणार. आम्ही माहूरच्या लॉजवर गेलो, आणि ती माणसं गुरांसकट रात्रभर तिथंच थांबली.

सकाळी मी अप्पांना लॉजवरच ठेवलं आणि तहसील ऑफिस गाठलं. म्हटलं, निदान चूक दुरुस्त करून खरी छावणी लावून घेऊ. तिथल्या साहेबांनी फाईल उघडली.

"तुमच्या मंडळात छावणी मंजूर दिसते."

मंडळ म्हणजे महसूल खात्याच्या भाषेत काही गावांचा गट. एका मंडळात एकच छावणी, असा तेव्हा त्यांचा नियम होता.

"साहेब, ती गुरांची नाही. माणसांची आहे. सहलीची."

"माणसांची छावणी असा प्रकार आमच्याकडं नाही."

"म्हणून तर म्हणते, ती रद्द करा."

"शेजारच्या गावानं चारा छावणी मागितली होती," ते पानं उलटत म्हणाले. "तुमचा ठराव आला म्हणून त्यांची मागणी बाजूला ठेवली."

गाडीत शेगडी आहे की नाही हे मी तीनदा तपासलं होतं, ठरावातला शब्द एकदाही नाही.

"तर मग आजच रद्द करून त्यांची मंजूर करा."

"आज कशी होईल? नवा जिल्हा होतोय ना. आपल्या भागाच्या फायली वेगळ्या काढल्यात. दुष्काळाच्या बाबतीत सही आता तिकडच्या ऑफिसची लागणार."

"तिकडचं ऑफिस कुठं आहे?"

"जागा बघून राहिलेत."

नवा जिल्हा होणार म्हणून त्या रस्त्यावर चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागले होते. सही करणारं टेबल मात्र जुन्या जिल्ह्यात राहिलं नव्हतं आणि नव्यात लागलं नव्हतं. मी त्या टेबलाच्या शोधात नांदेडला तीन ऑफिसं फिरले. प्रत्येकानं चहा पाजला.

संध्याकाळी गायरानावर परत गेले आणि सांगितलं की चारा येणार नाही, गुरं घरी न्या. बरेच लोक सकाळीच गेले होते. सुभद्राबाई होती.

"घरी नेऊन काय घालू? व्यापारी दारात आलता, त्याला न्हाई म्हणले, छावणी लागली म्हणून. उरलेला कडबा जावंला दिला, तिची म्हैस दुधाची हाय. आता कोणत्या तोंडानं परत मागू?"

तिचा नवरा हैदराबादला बांधकामावर होता. जमीन थोडीच, पण स्वतःची, आणि या बैलजोडीनंच पेरणी व्हायची. एवढा दुष्काळ तिनं ती जोडी धरून काढला होता. मी म्हटलं, खरी छावणी लवकर लागेल, मी मागं लागले आहे. तिनं मान हलवली आणि दावी सोडली.

अप्पांनी लातूरहून कडब्याचा टेम्पो पाठवला. तो गावात पोहोचला तेव्हा उतरवून घेण्यावरून भांडण झालं आणि ज्यांची घरं रस्त्याला लागून होती त्यांना कडबा मिळाला. सुभद्राबाईचा तांडा वर होता.

सही मिळाली, पण उशिरा. नव्या ऑफिसला कुणाच्यातरी मंगल कार्यालयात जागा मिळाली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझी फाईल सापडली. शेजारच्या गावात चारा छावणी लागली. मी स्वतः ते सांगायला तांड्यावर गेले. आनंदाची बातमी आहे असं माझ्या डोक्यात होतं.

सुभद्राबाईच्या दारात दोन रिकामे खुंटे होते. व्यापारी परत आला होता आणि पहिल्यापेक्षा बराच कमी भाव सांगून जोडी घेऊन गेला होता.

"छावणी लागली," मी म्हटलं.

"लागली का," ती म्हणाली. "मग आता मलाच नेऊन बांधा."

अप्पांनी सहलीबद्दल तक्रार केली नाही. जाताना जावई म्हणाला की जागा छान होती, पुढच्या वेळी गर्दी नसेल तेव्हा येऊ.

कॅरॅव्हॅन अजून आहे, आणि बरी चालते. परवानगीच्या अर्जात आता मी "एक वाहन दोन रात्री उभे करणे" एवढंच लिहिते, आणि गावातल्या चार माणसांना वाचून दाखवते. ग्रामसेवक म्हणतात, मॅडम, हे फार साधं वाटतं. मी म्हणते, असू द्या.