पांढरा डगला

सोदनोम तरुणपणी त्या खोऱ्यातला नावाजलेला शिकारी. पांढरा डगला घालायचा, हातात याकच्या शेपटीचा झुपका धरायचा आणि नाचत-डोलत तरबगांच्या बिळांकडे सरकायचा. तरबग म्हणजे माळावरची गुबगुबीत, मांजराहून थोराड खारच. हे काय चाललंय म्हणून ते दोन पायांवर उभं राहतं, चित्कारत बघतच बसतं. तेवढ्यात गोळी.

एका उन्हाळ्यात त्याने मादी मारली आणि तिची पिल्लं दिवसभर बिळाशी ओरडत राहिली. सोदनोमने बंदूक टाकली ती कायमची. डगला तेवढा अंगावर राहिला, उबदार होता म्हणून. मेंढ्या राखता राखता वर्षं गेली. हा पांढरा माणूस काही करत नाही, हे तरबगांना कळून चुकलं. पिल्लं त्याच्या बुटांजवळ कुस्त्या खेळायची. थंडीआधी सगळं कुटुंब तोंडात गवत धरून बिळात न्यायचं, आतून दार लिंपून वसंतापर्यंत झोपायचं. सोदनोम ते कौतुकाने बघत बसायचा.

"माझ्या माहेरच्यांची एवढी चौकशी केली असतीत तर!" बायको निमा चिडवायची.

शरदात तिचा धाकटा भाऊ चोयजाम्त्स आला. खारा चहा पिऊन म्हणाला, "दाजी, मित्राचं लग्न आहे. तुमचा डगला द्या ना, ऐटीत मिरवतो."

"ने की. तुला कोण नाही म्हणणार?"

सोदनोम हिवाळी गोठ्याची डागडुजी करायला गेला. परतला, तर खोरं गप्प. तंबूबाहेर तरबगांची कातडी पसरलेली, भांड्यात मांस शिजत होतं.

"दाजी, पळालीच नाहीत हो!" चोयजाम्त्स हसत सुटला. "नाचावंसुद्धा लागलं नाही. सरळ चालत गेलो."

सोदनोमने निमाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

ती मान वर न करता म्हणाली, "धाकटा आहे तो. हट्टच धरून बसला."

"ती त्याला नाही फसली, निमा. मला फसली."

तो जेवला नाही. मेव्हण्याशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि निमाशी कामापुरतंच.

वसंतात उरलीसुरली तरबगं वर आली. एक पिल्लू त्याला पाहून जवळ येऊ लागलं. सोदनोमने दगड उचलला आणि त्याच्या पुढ्यात भिरकावला. पिल्लू बिळात पळालं. मग रोज जाऊन तो दगड मारायचा, ओरडायचा, अगदी त्याची सावली दिसताच सगळी आत दडेपर्यंत.