दोन मारी आणि खोर फक्कानचा किनारा

"हे कागद आता चार भिंतींत वाचवत नाहीत गं. समुद्रावर ने मला कुठेतरी," डेनिसताई म्हणाल्या, आणि शनिवारी खोर फक्कानला जायचं ठरलं.

डेनिसताई इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या शाळेच्या लायब्रेरियन. कॅनडाच्या, साठीच्या. सगळे त्यांना नुसतं डेनिस म्हणतात, मला ते जमत नाही. मी तिथेच ॲडमिशन डेस्कवर असते.

त्यांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले फ्रेंच शेतकरी. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांना गावांतून हुसकून जहाजांत कोंबलं. कुटुंबं पांगली. मारी नावाची एक मुलगी आईबापांपासून तुटून परक्यांबरोबर गेली. डेनिसताई तिच्या वंशातल्या. त्यांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला एवढंच हवं होतं, की मारीच्या आईचं नाव कळावं आणि त्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावावी.

सकाळी सातला अल नहदातून निघालो. याहून उशीर करू नका, नाहीतर कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, सावलीची जागा मिळत नाही. डोंगरातले बोगदे पार करत दीड तासात पोचतो. वाटेत एका मलबारी टपरीवर थांबलो.

"मॅडम, चीनी कम?"

"उनकी कम, मेरी पूरी."

दोन दिरहॅमचा कडक चहा, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये. हिशोब करत बसू नये, प्यावा.

किनाऱ्यावर चटई टाकून आम्ही जुन्या नोंदींच्या छापील प्रती पसरल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चपला ठेवल्या. एकाच गावात, एकाच वयाच्या दोन मारी लब्लां. दोघींच्या बापांचं नाव पिएर. एकीची आई ॲन, दुसरीची जान. चर्चची जन्मनोंदींची अर्धी वही हरवलेली. आणि जहाजातून उतरल्यावरच्या यादीत इंग्रज कारकुनाने लिहिलेलं: 'मेरी व्हाइट, वय नऊ'.

"ब्लां म्हणजे पांढरा. त्याने नावाचं भाषांतरच करून टाकलं," डेनिसताई म्हणाल्या. "ही ओळख पटायलाच मला तीन वर्षं लागली."

आमच्या डेस्कवर एकाच मुलाचा पासपोर्टवर शिंदे, जन्मदाखल्यावर सिंदे होतो. तेव्हा आम्ही नाव सोडून पत्ता, भावंडं पाहतो. मी म्हटलं, "यादीत तिच्या वरखालची माणसं पाहू." तासभर खपलो. ती सगळी त्याच गावची निघाली. पण दोन्ही मारीही तिथल्याच. खलास.

जेवायला तळलेला मासा आणि भात, दोघींचे सत्तर दिरहॅम, म्हणजे साधारण सतराशे रुपये. डेनिसताईंनी काटे काढून ठेवले, खाल्लं काहीच नाही.

"आईला काय सांगू? चुकीच्या बाईचं नाव तिच्या तोंडी कसं देऊ?"

"आहे तेच सांगा."

चार वाजता तिकडे कॅनडात सकाळ झाली. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. फ्रेंच मला कळत नाही, पण डेनिसताईंचा आवाज दोनदा अडखळला तो कळला. मग पलीकडून म्हातारीचा बारीक आवाज. डेनिसताईंनी तोंडावर हात धरला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मारी कुठलीही असो, लेक तर दोन्ही आयांची गेली ना? दोन मेणबत्त्या लावते." मग त्या एकदम हसल्या. "आणि म्हणाली, आता जरा समुद्रात पाय बुडव, कागद पुरे झाले."

आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिलो.

घरी पोचल्यावर चिपळूणला बाबांना फोन केला. त्यांच्या आजीचं नाव विचारलं.

"सगुणा."

"ते लग्नातलं असेल. माहेरचं?"

"ते कोणी सांगितलंच नाही गं. आणि मीही कधी विचारलं नाही."

वहीत 'सगुणा' लिहिलं आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडली. बाबा उद्या त्यांच्या आत्याला विचारणार आहेत. आत्या एक्याण्णव वर्षांची आहे.