टोपलीखालचं पीठ

लाखांदूरजवळच्या एका गावात विमलबाई लांजेवार वाचनालय चालवतात. एक खोली, दोन कपाटं आणि बाईंचा राग, एवढंच ते वाचनालय. पुस्तकाचं पान दुमडलं तर त्या सरपंचालाही सोडत नाहीत.

दिवाळीनंतर सात वर्षांच्या रेणूची आई वारली. मेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणून घरच्यांनी टोपलीखाली पीठ पसरून ठेवलं. पोरीला मात्र सांगितलं, आई नागपूरच्या दवाखान्यात आहे, येईल एस्टीनं. हे खोटं बोलायला अख्खं गाव एक झालं. तेव्हापासून रेणू रोज संध्याकाळी थांब्यावर उभी. वाचनालयाच्या खिडकीतून ती दिसली की विमलबाईंचं डोकं फिरायचं.

शेवटी त्यांनी तिला चित्रांचं एक पुस्तक दिलं. त्यात बदकाच्या पिल्लाची आई मरते आणि परत येत नाही.

दुसऱ्याच दिवशी रेणूचा बाप प्रवीण आला. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, "लेकराले मरणाचं कायले वाचाले देता?"

"अन् तू तिले रोज थांब्यावर उभी करून राहिला, ते कायले? लाज नाही वाटत तुले?"

रेणू बापाच्या मागेच उभी होती. ती विमलबाईंना म्हणाली, "मले मालूम आहे, मावशी. मी टोपलीखालचं पीठ पायलं होतं. पण मी थांब्यावर नाही गेली तर बाबाले समजन का मले मालूम आहे. मंग ते रडतीन."

विमलबाईंनी पुस्तक उचलून प्रवीणच्या छातीशी दाबलं.

"घे. आधी तू वाच."