दोन नावं, एकच तक्ता

नामदेव गेल्याचं मला नसरापूर फाट्यावर एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. "मार्गासनीचा तुमचा दोस्त... कावीळ झाली व्हती म्हनं." मी तिकीट घेऊन खिडकीशी बसलो. रडू आलं नाही. त्याच्यावर माझा जुना राग होता, आणि तो आता कुणापुढं काढायचा, हेच कळेना.

मी गुंजवण्याचा. भोरच्या शाळेत आम्ही एका बाकावर, पुढं पुण्यात एका खोलीत, आणि शेवटी एकाच संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा मशीनला द्यायचा आणि उत्तराचा कागद येईपर्यंत ताटकळायचं, असं ते काम. एकदा दोन वर्षांच्या पावसाचे आकडे ताडून बघायचे होते. प्रोग्रॅम प्रत्येक गावापुढं फरक शून्य दाखवी. साहेबांपासून सगळे वजाबाकी तपासत बसले. मला शंका आली ती निराळीच. शनिवारी गावी येताना एसटीत मी नामदेवला म्हणालो, "आमच्या म्हशीला आई चंद्री म्हनती, आजी काळी म्हनती. पाव्हण्याला वाटतं, म्हशी दोन. तसंच झालं असंल. दोन वर्सांच्या तक्त्यांना आपण नावं दोन दिली, पर मशीनमधी तक्ता एकच."

"मग वळखायचं कसं? आकडे तर सारखेच दिसनार."

"सारखे हायत का एकच हाय, ते नुसतं बघून न्हाई कळायचं. एका नावानं एका गावापुढं उणे एक लिहायचं. पाऊस काय उणे पडत न्हाई. मग दुसऱ्या नावानं तीच जागा छापायची. तिथंबी उणे एक आला, तर तक्ता एकच."

नामदेवनं खुशीत माझ्या मांडीवर थाप मारली.

घरी भाताची लावणी होती, म्हणून मी उशिरा परतलो. तोवर चाचणी झाली होती, उणे एक दोन्हीकडं उमटला होता, चूक दुरुस्तही झाली होती. साहेब सगळ्यांना सांगत होते, "नामदेवचं डोकं बघा!" आणि नामदेव शेजारी उभा राहून कार्डं सारखी करत होता... बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलंस?" तो हसला. "आरं, तू आन् मी काय येगळं हाय का?"

ट्रेनिंगला मुंबईला मात्र तो एकटाच गेला. परतला तो माझा वरिष्ठ होऊन. मला कधी टाकून बोलला नाही. डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवायचा, आणि मी ती खायचो. वाटायचं, आज सांगेल साहेबांना... आज नाही, तर उद्या.

दहावं झाल्यावर मार्गासनीला गेलो. खुंटीवर त्याचा सदरा तसाच होता. वहिनींनी चहा दिला. "भावजी, त्यांची ती उणे एकाची गोष्ट तुमाला ठावं असंल. पोरीला लई येळा सांगायचे." मग त्यांनीच ती सगळी सांगितली, त्याच्या नावावर. मी कप खाली ठेवला. वहिनी पुढं म्हणाल्या, "आन् तवा तुमीच म्हनला व्हता ना, हे काय जमायचं न्हाई म्हनून?"

धाकटी पोर आईला टेकून माझ्याकडं बघत होती. बापाबद्दल आणखी काही ऐकायला मिळेल, म्हणून.

"व्हय," मी म्हणालो. "म्हनलो व्हतो."