दारव्ह्याचा बेसबॉल संघ: यंदाचा अंदाज

समस्त दारव्हेकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या कॉलेजचा बेसबॉल संघ यंदाही स्पर्धेत उतरणार आहे. प्रशिक्षक मीच. एक तरी सामना जिंका, नाहीतर खेळच बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. शेवटच्या सरावाला ते स्वतः येऊन बसले.

आमच्या सगळ्यात भरवशाच्या गड्याने चेंडू थेट शेजारच्या सोयाबीनमध्ये धाडला. मी नाचलोच! आता चारही बेसना वळसा घातला, की झालं. पण जन्मभर क्रिकेट खेळलेला तो बॅटसकट पहिल्या बेसपर्यंत धावला, बॅट टेकवली आणि आल्या वाटेने परत फिरला.

"अरे, पुढे पळ!" मी किंचाळलो. प्राचार्य उठून चालू लागले.

तो धापा टाकत म्हणाला, "सर, तिसरा रन बी निंघाला असता, तुमी कायले ओरडून राह्यले?"