राखणदाराची गाडी

चैत्रात कोरगावच्या काजूबागांत बोंडूंचा वास जमिनीपासून गुडघाभर साचून राहतो. गोड, किंचित आंबूस, चालताना पायांनी बाजूला सारावा लागेल इतका दाट. त्या वासातून वाट काढत, माझी मामेबहीण सुलभा हिच्या सासरच्या बागेच्या टोकाला असलेल्या घुमटीपर्यंत मी गेले ती जेवणाआधीचा वेळ काढायला. भक्तिभावाने मी फारशी कुठे जात नाही. आत राखणदाराचा पाषाण, त्याच्यापुढे मातीचे घोडे, एक काठी, वाहाणांचे दोन-तीन जोड, आणि घोड्यांच्या पायांमधून वर आलेला पिस्त्याच्या रंगाचा एक पंख. पक्ष्याचा असेल म्हणून वाकले, तर तो मोटारीचा निघाला.

साखळीच्या बाजारात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर मी ब्रेकचे पॅड, फॅनबेल्ट आणि तेलाचे फिल्टर विकते, आणि घरी काचेच्या कपाटात जुन्या अमेरिकन मोटारींच्या तळहाताएवढ्या प्रतिकृती ठेवते. या विसंगतीचं घरच्यांना हसू येतं. मला मात्र कुतूहल वाटतं ते नेमकं तिथेच: माझ्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूला काम आहे, आणि त्या मोटारींच्या पाठीवरच्या पंखांना कसलंच नाही. कधीही न उडणाऱ्या वाहनाला पंख लावताना त्या माणसांच्या मनात काय असेल, आणि मग कुणीतरी तेच पंख पुन्हा नखाएवढे, तितक्याच निगुतीने का घडवले असतील, हा प्रश्न मी बरीच वर्षं कपाट पुसता पुसता स्वतःला विचारत आले आहे. पिस्त्याच्या रंगात ही प्रतिकृती कारखान्याने मोजकीच काढली, असं आमच्या छंदातले लोक सांगतात. मी ती परदेशी विक्रेत्यांकडे, अनोळखी संग्राहकांकडे, कुठे कुठे शोधली होती. आणि ती इथे, उन्हापावसात, घोड्यांच्या तबेल्यात उभी होती.

जेवताना सुलभाने हकीकत सांगितली. राखणदार रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, अशी इथली श्रद्धा. म्हणून कुणी त्याला घोडा देतं, कुणी वाहाणा. आणि वर्षाने त्या वाहाणा झिजलेल्या दिसतात, असं लोक सांगतात. सुलभाचे सासरे तरुणपणी तारवटी होते, जहाजावर नोकरीला. एकदा भर समुद्रात वादळात सापडले, तेव्हा त्यांनी गावच्या राखणदाराला हाक मारली आणि परतल्यावर स्वतःच्या हौसेने घेतलेली ही गाडी घुमटीत नेऊन ठेवली. देवाने तरी किती दिवस घोड्यावरून हिंडायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मी आडपडदा न ठेवता त्यांच्याकडे गाडी मागितली. म्हाताऱ्याने भात कालवता कालवता मान हलवली. दिली तेव्हाच ती माझी राहिली नाही, ज्याची आहे त्यालाच विचारू, म्हणाले. आणि हात धुऊन मला पुन्हा घुमटीकडे घेऊन गेले; सुलभाही मागून आली. फुलाच्या ओल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना लावून त्यांनी माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार. वारा नव्हता. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तरी माझी नजर उजव्या पाकळीवरून ढळत नव्हती, आणि ती सुटून खाली आली तेव्हा मी सोडलेला श्वास सुलभाला ऐकू गेला असावा, कारण ती हसली.

मी हात पुढे केला तसा म्हाताऱ्याने अडवला.

"फुकट न्हय गो बाय. ताका काय चलत धाडतली? बदलाक दुसरी दवर."

बदल्यात ठेवायला म्हापशाच्या बाजारात प्लास्टिकची गाडी मिळते, हा माझा पहिला विचार. परतीच्या वाटेवर साखळी येईपर्यंत तो मला टिकवता आला नाही. आम्हा संग्राहकांत अदलाबदलीची एक रीत आहे: समोरच्याला वस्तूची पारख नसली तरी तोलामोलाचीच गाडी द्यायची. इथे समोरचा बोलतही नाही, म्हणून रीत बदलत नाही. पुढच्या रविवारी कपाटातली काळी, उघड्या टपाची गाडी काढली. तिच्यावर कधी धूळ बसू दिली नव्हती. टायरांवरच्या बारीक रेघा नखाला लागत होत्या. ती घोड्यांच्या पायांत ठेवून हिरवी उचलली, तेव्हा सुलभा माझ्यामागे उभी होती.

"ताई, तुज्यो गाडयो कपाटात बसून रवतत," ती म्हणाली. "आमची भोंवता."

आमची हिंडते, हे तिचं म्हणणं डोक्यात घेऊनच घरी आले आणि हिरवी गाडी दिव्याखाली धरली. रंगाचे पापुद्रे सुटलेले, मागच्या आसनावर शेवाळाची मखमल, क्रोमची झिलई उडालेली, आणि चारही टायर गुळगुळीत. ऊन रबराला तडे पाडतं, ते ठिसूळ करतं, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. पण रेघा पुसून जाण्यासाठी टायर कशावर तरी घासावा लागतो. जहाजावरच्या एखाद्या लांबलचक, कंटाळवाण्या प्रवासात म्हाताऱ्यानेच ती टेबलावरून पुढेमागे फिरवली असेल. त्यांना विचारलं तर एका वाक्यात उलगडा होईल. मी विचारलेलं नाही, आणि शेवाळही पुसलेलं नाही.

पावसाळा सरल्यावर सुलभाकडे जाणं झालं. बागेत उंच गवत माजलं होतं, हवेत ओल्या पाचोळ्याचा वास होता. घरात न जाता मी आधी घुमटीकडे वळले. माझी काळी गाडी एका बाजूला कलली होती, उघड्या आसनांवर पाणी साचून त्यात आभाळाचा तुकडा दिसत होता. मी ती उचलली, पाणी ओतून टाकलं, उलटी केली. आणि टायरवर नख ठेवण्याआधी, कुणी बघत नाही ना, म्हणून एकदा मागे वळून पाहिलं.