पांढऱ्या भिंतीमागचं

गादीकाकांनी जन्मभर लोकांचे सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा शिवल्या. काम करताना दोन ओठांत बारीक खिळे धरून ठेवायचे, एकेक काढून ठोकायचे. त्या खिळ्यांना त्यांच्या धंद्यात चुका म्हणतात. "माझ्या तोंडात कायम चुका असतात, म्हणून मी कमी बोलतो," हा त्यांचा एकुलता एक विनोद. गिऱ्हाईक नवं असलं की हमखास व्हायचा.

त्यांची मुलगी, घरात तिला मुंगी म्हणत, नोकरीसाठी दूरच्या एका अवाढव्य शहरात गेली होती. विमा कंपनीचं ऑफिस, काचेची बिल्डिंग, सगळं छान. पण गेले कित्येक महिने फोनवर ती रोज एकाच पांढऱ्या भिंतीसमोर बसायची. खोली दाखव म्हटलं की नेमकं नेटवर्क जायचं.

"अहो, पोरगी काहीतरी लपवतेय," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे असे. तुम्ही जाऊन डोळ्यांनी बघून या."

काकांनी आयुष्यात कधी विमान आतून पाहिलं नव्हतं. आता एक सोडून दोन विमानं बदलायची होती. अख्ख्या प्रवासात त्यांना झोप लागली नाही. पोरगी आजारी असेल, नाहीतर कुणाच्या तरी तावडीत सापडली असेल. त्यातून मन दुसरीकडे वळवायला ते बसल्या बसल्या सीटचा फोम दाबून बघायचे. शेजारच्या बाईने दोनदा त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

उतरले तेव्हा सकाळ झाली होती. कानांना दडे बसलेले, पाय सुजलेले. सरकते पट्टे, लांबलचक रांगा, सगळे आपल्याहून घाईत. काचेचं दार सरकलं, दमट हवा अंगावर आली आणि कठड्यापलीकडे मुंगी दिसली. काकांनी तिला आधी नखशिखांत न्याहाळलं. वाळलेली नव्हती. रंगही बरा होता. एकटीच होती. मात्र अंगठ्याला पट्टी बांधलेली होती.

"हे काय लागलंय?"

"काही नाही हो. चला."

बसमध्ये ती पट्टीचा अंगठा मुठीत धरून बसली. खिडकीबाहेर एकावर एक चढलेले पूल, इमारतींच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, सिग्नलला थांबलेल्या शेकडो मोटारसायकली. काकांना त्यातलं काही धड दिसत नव्हतं. ते मधूनमधून त्या अंगठ्याकडे बघत होते.

"बाबा, घरी नंतर जाऊ," शेवटी ती म्हणाली. "आधी एक जागा दाखवायचीय. चिडू नका."

काका तिच्यामागे बसमधून उतरले.

एका अरुंद गल्लीत पत्र्याचं मोठं शटर अर्धं वर होतं. आत पाऊल टाकताच ओळखीचा वास आला. रेक्झिन, काथ्या, चिकटवायचं सोल्युशन. ओळीने मांडलेल्या थिएटरच्या जुन्या खुर्च्या, उसवलेल्या बस-सीटा, घरघरणारी दोन मशिनं. कोपऱ्यात एक पांढरी भिंत, तिच्यापुढे स्टूल.

"ऑफिस सोडलं मी," मुंगी एका दमात बोलली. "दिवसभर पडद्याकडे बघत बसायचं, जीव रमेना. इथे येऊन आता वर्ष होत आलं. तुम्ही म्हणाला होतात, माझ्या मुलीच्या हातात दाभण येऊ देणार नाही. म्हणून सांगायची हिंमत झाली नाही."

काकांनी तिच्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं. दाभण लागलेलं.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच म्हणजे?"

"तुझ्या आईला वाटलं, तू अंथरुणाला खिळलीयस. मला वाटलं, तुला कुणी कोंडून ठेवलंय!" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. ते मटकन एका खुर्चीवर बसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

मग सवयीने त्यांचा हात त्या खुर्चीच्या कडेवरून फिरला. उठून त्यांनी ती उलटी केली आणि खालची शिवण बघितली.

"हा कोपरा कोणी दुमडला?"

"मी."

"उसव. गोळा झालाय बघ."

मुंगी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. कारखान्याच्या मालकीणबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या. "रोज तुमच्याच गोष्टी सांगत असते," त्या म्हणाल्या.

पण काकांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "पाठीचं काय करशील? मी जमिनीवर वाकून वाकून कामातून गेलो. तेवढ्यासाठीच नको म्हणत होतो."

तिने त्यांना टेबलापाशी नेलं. टेबल छातीला लागेल इतकं उंच. पायाने दांडा दाबला की हवं तसं वरखाली व्हायचं. त्यावर खुर्ची ठेवून ती ताठ उभी राहिली.

"बघा. वाकायचंच नाही."

काकांनी स्वतः दांडा दाबून पाहिला. वर, खाली, पुन्हा वर. "हे आमच्या टाळक्यात कसं नाही आलं," ते पुटपुटले.

मग त्यांनी काकूंना फोन लावला आणि सगळा कारखाना फिरवून दाखवला.

"मेले, ह्यासाठी माझा जीव टांगणीला लावलास होय गं!" काकू ओरडल्या. सगळं ऐकून, पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, जेवतेस ना वेळेवर?"

मुंगी कोपरा उसवायला बसली. जरा वेळाने तिने वर पाहिलं तर काका एका अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर आडवे झालेले. दोन्ही मशिनं घरघरत होती, मालकीणबाई कुणाला तरी फोनवर झापत होत्या, आणि ते तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.